कार्तिकात आक्षीला किनाऱ्यावरचे पक्षी बघायचेत, दिवस कसा आखायचा?

कवडीपाटकर

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्याचे. आत्तापर्यंतचं आमचं पक्षीनिरीक्षण म्हणजे भिगवण, कवडी पाट, सासवडचं माळरान आणि फार झालं तर सिंहगड व्हॅली, त्यामुळे बदकं, धोबी, चंडोल, माशीमार हे सगळं बऱ्यापैकी ओळखता येतं पण समुद्रकिनाऱ्यावरचे पक्षी म्हणजे अजून कोरी पाटी आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा त्यानंतर लगेच माझ्या भाचीला (सहावीत आहे, पक्ष्यांचं वेड माझ्यापेक्षा जास्त) घेऊन एक अख्खा दिवस अलिबागकडे घालवायचा विचार आहे. आक्षीचं नाव सगळेच घेतात. आमच्याकडे ८×४२ ची एक चांगली दुर्बीण आणि एक जुनी जरा धुरकट झालेली अशा दोन आहेत, स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची लांबचं दाखवणारी एकनळी दुर्बीण) नाहीये आणि एका ट्रिपसाठी तेवढा खर्च करायची तयारीही नाहीये.

ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की सकाळी लवकर जा, बास. पण सकाळी म्हणजे नक्की किती वाजता, कुठल्या दिवशी, आणि ते सगळे बारके करडे-तपकिरी पक्षी एकसारखेच दिसतात म्हणे, ते ओळखायचे तरी कसे? की आक्षी सोडून उरण किंवा खाली गुहागर-मालवण असं काही बघावं? मुलगी बरोबर आहे त्यामुळे चिखलात कमरेपर्यंत जाणं वगैरे नको.

सुरूच्या_बनात

या या. आक्षीच्या जवळच राहतो, दर हिवाळ्यात हेच करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 'सकाळी लवकर' हा सल्ला अर्धाच आहे. माळरानावर तो चालतो कारण तिथले पक्षी सूर्य बघून उठतात, किनाऱ्यावरचे पक्षी पाणी बघून चालतात. ओहोटी असली की रात्र असो की दुपार ते खायला उतरणार, आणि भरती चढली की खाणं बंद करून कुठेतरी कोरड्या वाळूवर गोळा होऊन बसणार. आमच्याकडे किनारा उताराला अगदी सपाट आहे, उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पक्षी म्हणजे दूरवर हलणारे ठिपके, तिथे तुमची ८×४२ काही कामाची नाही आणि मागे मागे चालत गेलात तर तेही पुढे पुढे सरकणार. त्यामुळे स्कोप नसेल तर चढतं पाणी पकडायचं. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे अडीच-तीन तास. तुम्ही वाळूवर एका जागी बसायचं, पाणी पक्ष्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडे घेऊन येतं, तुम्हाला एक पाऊल टाकावं लागत नाही.

आता हे चढतं पाणी सकाळीच असायला हवं, त्याचं कारण प्रकाश. आपला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, सुरूच्या बनामागून वर येतो आणि समोरच्या पक्ष्याच्या पायाचा रंगसुद्धा दिसतो. संध्याकाळी तोच पक्षी काळी सावली. बारके वेडर (चिखलात-उथळ पाण्यात चालत खाणारे किनाऱ्यावरचे पक्षी) पायाच्या रंगावर ओळखायचे असतात, मग संध्याकाळी काय बघणार.

म्हणजे तुम्हाला असा दिवस हवा की भरती साधारण सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये पूर्ण होईल. कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जरा आधी. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसातून दोन भरत्या असल्यामुळे सकाळ-रात्र दोन्हीकडे लागू. अर्धा पाऊण तास इकडे तिकडे होतो म्हणून आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघायचंच, पण महिनाभर आधी सुट्टी टाकायची असेल तर नुसतं कालनिर्णय पुरतं.

दुसरं, अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरती धड वर येत नाही आणि पक्षी विखुरलेलेच राहतात. पौर्णिमा-अमावास्येकडे उधाण, पाणी वरपर्यंत येतं आणि सगळे एका पट्ट्यात दाटतात. या दोन्ही गोष्टी जुळवल्या तर द्वादशी ते पौर्णिमा (किंवा अमावास्या) हे तीन-चार दिवस उरतात. तुमच्या दिवाळीत वसुबारस-धनत्रयोदशी अगदी फिट्ट बसतात पण घरचे सोडतील का ते तुम्ही बघा :) नाहीतर सरळ कार्तिकी एकादशी होऊ द्या आणि त्रयोदशी ते त्रिपुरी पौर्णिमा यातला एक दिवस धरा. भाऊबीजेला मात्र येऊ नका, द्वितीयेला भरती दीड वाजता, चढतं पाणी बघायला ऐन उन्हात बसावं लागेल, आणि त्या आठवड्यात किनाऱ्यावर माणसंच इतकी असतात की पक्ष्यांना उतरायला जागा नसते.

जागा: नागावच्या बाजूला गाड्या, घोडे, वॉटरस्पोर्ट्स सगळा धुमाकूळ असतो, तिकडे नको. आक्षीच्या बनातून किनाऱ्यावर उतरलात की उत्तरेकडे खाडीच्या तोंडाकडे चालत जा. खाडीचा चिखल आणि समुद्राची वाळू दोन्ही तिथे एकत्र येतात त्यामुळे पक्ष्यांचे प्रकारही जास्त. फक्त चढत्या पाण्यात पुढच्या वाळूच्या उंचवट्यावर जाऊन बसू नका, पाणी मागून भरतं आणि समोर बघण्यात लक्ष असल्यामुळे कळत नाही. मुलगी बरोबर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

टिवटिव

@सुरूच्या_बनात एकदम सही लिहिलंत. मी ओळखण्याचं बघते, कारण तो प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

कवडीपाटकर, पहिल्या दिवशी रंगांच्या नादाला लागूच नका. कार्तिकात हे सगळे हिवाळी पिसाऱ्यात असतात, वरून राखाडी-तपकिरी खालून पांढरे, पुस्तकातली विटकरी रंगाची चित्रं बघून गेलात तर निराशाच पदरी. (ऑगस्ट-सप्टेंबरात आलात तर अर्धवट विटकरी उरलेले प्रौढ दिसतात कारण प्रौढ आधी येतात आणि त्याच वर्षीची पिल्लं मागाहून, कुणी वाट न दाखवता. मला दरवर्षी याचं आश्चर्य वाटतं.) त्यापेक्षा पक्षी काय करतोय ते बघा.

पळतो, थबकतो, टोच मारतो, परत पळतो असा असेल तर तो प्लोव्हर, आपला चिखल्या. डोळे मोठे, चोच आखूड, नजरेने शिकार करतो. खाली मान घालून शिवणयंत्रासारखा टचटच करत राहतो तो सँडपायपर किंवा स्टिंट कुळातला, त्याला भक्ष्य दिसत नाही, चोचीला जाणवतं. एवढी एक वाटणी जमली की अर्धं काम झालं.

चिखल्यांमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त दिसेल तो लेसर सँड प्लोव्हर. आता त्याच्या दोन जाती केल्यात, आपल्या बाजूला येतो तो तिबेटी, म्हणजे उन्हाळ्यात पार तिबेट-लडाखच्या पठारावर अंडी घालणारा आणि हिवाळ्यात आपल्या वाळूत किडे शोधणारा. त्याच्यातच एखादा मोठ्या चोचीचा, लांब पायांचा, जरा दांडगट दिसला तर ग्रेटर सँड प्लोव्हर. यावर तासभर भांडणारे लोक मी पाहिलेत, तुम्ही सध्या दोघांनाही 'सँड प्लोव्हर' लिहिलंत तरी चालेल. गळ्याभोवती पांढरी कॉलर आणि छातीच्या बाजूला अर्धवट तुटलेली पट्टी असलेला बारका, तो केंटिश. राखाडी ठिपक्यांचा, एकटा दुकटा, चेहऱ्याने दुःखी असा मोठा चिखल्या दिसला तर तो उडायची वाट बघा, काखेत काळा डाग दिसला की ग्रे प्लोव्हर पक्का.

लाटेच्या अगदी काठावर पाणी मागे गेलं की त्याच्यामागे धावणारे आणि लाट आली की उलटे पळणारे, पांढरेफटक, ते सँडर्लिंग. भाचीला हे आधी दाखवा, वेड लावतात. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून आलेत हे तिला सांगा. लिटल स्टिंट त्यांच्याहून बारका, वजनाने पंचवीस ग्रॅमच्या आसपास, काळे पाय. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर दोघांच्या चोची टोकाला खाली वाकलेल्या, पण उडाल्यावर कमरेवर स्वच्छ पांढरं दिसलं तर कर्ल्यू सँडपायपर. लाल पायांचा, सगळ्यात आधी ओरडून सगळ्यांना उडवणारा तो रेडशँक, त्याच्या पंखांची मागची कड पांढरी असते. आणि कोरल, म्हणजे कर्ल्यू, चुकणं शक्यच नाही, एवढी लांब वाकडी चोच दुसऱ्या कुणाची नाही. तिच्यापेक्षा आखूड चोच आणि डोक्यावर पट्टे असतील तर व्हिम्ब्रेल.

कुरव म्हणजे गल्सबद्दल जास्त अपेक्षा ठेवू नका, ते उशिरा येतात. लडाख-तिबेटकडचे ब्राउन हेडेड आणि थोडे ब्लॅक हेडेड तोपर्यंत आलेले असतील, रशियाच्या उत्तरेकडचे ह्युग्लिन्सही थोडेफार. पण तो काळ्या डोक्याचा राजा, पलासेस गल, त्याच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी बरा.

दिनू_ऑफलाइन

तिथीबिथी ठीक आहे पण आता फोनवर एका मिनिटात टाइड टेबल दिसतं, पाऊणपटीचे पाढे कोण म्हणतंय? आणि माझं मत विचाराल तर ओहोटी जास्त मजेची. भरतीला सगळे डोकं पाठीत खुपसून झोपलेले, काय बघायचं त्यात. ओहोटीला खाताना दिसतात, चिंबोरी पकडतात, भांडतात.

सुरूच्या_बनात

@दिनू_ऑफलाइन झोपलेले भरती पूर्ण झाल्यावर. मी भरती व्हायच्या आधीचे तास म्हणतोय, तेव्हा ते उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात अक्षरशः हावरटासारखे खात असतात कारण ताट उचललं जायची वेळ आलेली असते. तुमच्याकडे स्कोप आहे म्हणून तुम्हाला ओहोटी परवडते, त्यांच्याकडे नाही. ॲप जरूर बघा पण त्यात कुठलं बंदर निवडलंय तेही बघा. आणि ॲप फक्त वेळ सांगतं, पाढा माहीत असला की पुढच्या महिन्याचा कुठला शनिवार फुकट जाणार ते बसल्या जागी कळतं.

देवगडचो_झिल

आक्षी आक्षी काय करतास, जरा खाली पण येवा!

बरं आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडे प्रकार वेगळा आहे. मुंबई-अलिबागला उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, आमच्या इथे आणि गोव्याला साधारण दोन मीटरच. त्यामुळे तुमच्यासारखी मैलभर उघडी पडणारी चिखलवट आमच्याकडे फारशी नाही, वेडर्सची संख्याही तशी कमी. पण कातळ आहे. कातळावर टर्नस्टोन, रीफ हेरॉन (काळा आणि पांढरा दोन्ही रूपातला बगळा एकाच खडकावर बसलेला बघायला मिळतो), कॉमन सँडपायपर म्हणजे तुतवार, व्हिम्ब्रेल. आणि काकण! पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे त्यांची घरटी बांधायची, डागडुजीची वेळ, किनाऱ्यावरच्या उंच झाडावर ढीगभर काटक्यांचं घरटं, वर्षानुवर्षं तेच वापरतात. लांबूनच बघा, घरट्याखाली जाऊन फोटो काढत बसू नका, आणि घरट्याची जागा नेटवर टाकू तर अजिबात नका.

गल आणि टर्न बघायची आमची युक्ती म्हणजे रापण. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं जाळं ओढायला लागली की अर्धा तास थांबायचं. जाळं कडेला आलं की सुरय (म्हणजे टर्न), कुरव, ब्राह्मणी घारी, बगळे, कावळे सगळे हजर, तुमच्या डोक्यावरून जातात. तिथे लेसर क्रेस्टेड टर्न नारिंगी चोचीची, ग्रेट क्रेस्टेड पिवळट चोचीची आणि सँडविच टर्न काळ्या चोचीची पण टोकाला पिवळा ठिपका, तिन्ही शेजारी शेजारी बघायला मिळाल्या तर नशीब समजा. रापणवाल्या काकांना एक हात द्या ओढायला, पोरीला पण मजा येईल, वर एखादा बांगडा मिळेल.

पण खरं सांगायचं तर पुण्याहून एका दिवसासाठी देवगड नाही जमणार. आक्षीच करा. आमच्याकडे दोन मुक्काम करून या.

खाजणातला

उरणचं विचारलंय म्हणून सांगतो. उरणला पक्ष्यांची विविधता आजही जबरदस्त आहे, पाणजे, बेलपाडा, भेंडखळ ही नावं मुंबईच्या प्रत्येक पक्षीवाल्याला पाठ आहेत. पण तिथे भरतीला समुद्रातून आलेले पक्षी बसायला जी पाणथळ जागा वापरतात तिच्यातच पाणी येऊ द्यायचं की नाही यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत, काही ठिकाणी भराव पडलाय, एखाद्या ठिकाणी गेल्या वर्षी पाणी होतं तिथे यंदा भेगा पडलेली जमीन असते. नवख्या माणसाने लहान मुलीला घेऊन, कंटेनरच्या रस्त्याने, आत सोडतील की नाही याची खात्री नसताना जावं असं मला वाटत नाही. स्थानिक कुणी बरोबर असेल तर मात्र जरूर जा.

लोकांना वाटतं की भरतीला बसायची जागा गेली तर काय, पक्षी दुसरीकडे बसतील. पण बसायची सुरक्षित जागा खाण्याच्या जागेपासून लांब पडली की रोज दोन वेळा तेवढं जास्त उडायचं, आणि जो पक्षी हिमालय ओलांडून हाडाला कातडं चिकटलेल्या अवस्थेत आलाय त्याला परत मार्च-एप्रिलमध्ये निघायच्या आधी अंगावर चरबी चढवायची असते. किनाऱ्यावर बसलेला थवा मुलं-कुत्री-फोटोवाले उडवतात तेव्हाही तेच होतं. आक्षीला शनिवार-रविवारी 'फ्लाइट शॉट' मिळावा म्हणून थव्यावर धावणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत, गळ्यात दीड-दोन लाखाची लेन्स आणि अक्कल शून्य.

फ्लेमिंगोसाठी शिवडी किंवा ठाणे खाडी (ही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे), पण ते नंतर, जानेवारी ते एप्रिल. एका दिवसात सगळं कोंबू नका.

टिवटिव

@खाजणातला +१००. आणि मांडव्याच्या बोटीतून कुरवांना गाठी-शेव घालणाऱ्यांना पण कुणीतरी आवरा हो. बोटीतून जवळून दिसतात म्हणून बघायला छान आहेत, पण मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं बेसन कशाला?

कवडीपाटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो! आठवडाभर लिहायला वेळ झाला नव्हता.

वसुबारसेचा विषय घरात काढून बघितला, बायकोने नुसतं बघितलं, तो विषय तिथेच संपला. मग कार्तिक शुद्ध त्रयोदशी धरली, वार मधला होता, मी रजा टाकली आणि भाचीच्या शाळेत काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. आदल्या संध्याकाळी खोपोली-पेण-वडखळ करत आक्षीत मुक्कामाला. पाढ्याने पावणेदहा येत होते, वेळापत्रकात दहा-सव्वादहा दाखवत होतं, तेवढा फरक सांगितलेलाच होता.

उजाडता उजाडता बनातून किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पाणी बरंच आत होतं आणि खरंच, लांबवर नुसते ठिपके. भाची म्हणाली, मामा एवढ्यासाठी आलो का आपण? तिला म्हटलं बस जरा. खाडीच्या तोंडापासून थोडं अलीकडे एका पडक्या ओंडक्यापाशी चादर टाकली, चहाचा थर्मास काढला आणि बसून राहिलो. तोपर्यंत मागे सुरूच्या बनात हळद्या ओरडत होता, कोतवाल, तांबट, त्यामुळे तिचा वेळ गेला.

साडेसातनंतर मात्र बघता बघता चित्र बदललं. आधी सँडर्लिंग आले, लाटेच्या काठाने धावत, आणि भाचीने ओळखले, मी तोंड उघडायच्या आधी. मग ते सँड प्लोव्हर, पळतो-थबकतो-टोचतो, टिवटिव ताई तुमचं ते वाक्य तिने दिवसभर जपासारखं म्हटलं. आठ-साडेआठपर्यंत पाण्याने सगळ्यांना आमच्यासमोर आणून ठेवलं होतं, जुन्या धुरकट दुर्बिणीतून पण पायांचे रंग दिसत होते. केंटिश, लेसर सँड, दोन-तीन ग्रे प्लोव्हर (एक उडाला आणि काखेतला काळा डाग दिसला, इतकं समाधान बऱ्याच दिवसात झालं नव्हतं), लिटल स्टिंट, डनलिन, रेडशँक, कोरल चार-पाच, व्हिम्ब्रेल एक. ग्रेटर की लेसर या भानगडीत पडलो नाही.

नऊच्या सुमाराला एकदम सगळा किनारा उडाला. कुणी माणूस नाही, कुत्रं नाही, काय झालं कळेना. तो थवा एकदा पांढरा एकदा करडा असा पलटत होता, आणि मग भाचीनेच वर बोट केलं, बहिरी ससाणा! दोनदा झडप घातली, हाती काही लागलं नाही, मग खाडीपलीकडे निघून गेला. पक्षी परत बसायला बराच वेळ लागला आणि बसले तेही आधीपेक्षा एकमेकांना चिकटून.

दहानंतर खरंच सगळे झोपले. दिनूभाऊ म्हणाले तसं, एका पायावर उभे, चोच पाठीत. पण मला तेही बघायला आवडलं, शांतपणे एकेकाची तुलना करता येते. त्या घोळक्यातच एक मोठा पक्षी होता, कुरव म्हणावा तर डोक्यावर काळसर टोपी आणि चोच गाजरासारखी जाड आणि लालभडक, तो कोण? आणि त्याआधी चिखलाच्या कडेला एक बारका वेडा पक्षी दिसला, बाकीचे शिस्तीत खात असताना हा वाकून खेकड्यांच्या मागे नुसता इकडून तिकडे सुसाट धावत होता, चोच लांब आणि वर वळलेली, पाय आखूड पिवळट-नारिंगी. फोटो मोबाइलवरचा आहे, लाज वाटते म्हणून टाकत नाही.

अजून एक, एका सँड प्लोव्हरच्या पायात रंगीत काहीतरी होतं, झेंड्यासारखं. भाचीने वहीत काढून ठेवलंय. त्याचं काय करायचं असतं?

दुपारी मासे खाऊन (सुरमई संपली होती, बोंबिलावर भागवलं) आक्षीचा तो शके ९३४ चा शिलालेख बघितला. पक्ष्यांशी संबंध नाही पण इतक्या जवळ आहे तर कुणी चुकवू नये.

टिवटिव

अरे वा, पहिल्याच फेरीत ससाणा! भाचीला शाबासकी.

लाल जाड चोचीचा म्हणजे कॅस्पियन टर्न, कुरव नाही सुरय. टर्नमध्ये सगळ्यात मोठी, त्यामुळे सगळेच फसतात. आणि तो वेडा पक्षी म्हणजे टेरेक सँडपायपर, शंकाच नाही, वर वळलेली चोच आणि आखूड पिवळे पाय आणि ते धावणं, तिन्ही एकत्र दुसऱ्या कुणातच नाही. फोटो नसला तरी हे वर्णन ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टिपणीत लिहा, पुरतं.

खाजणातला

पायातलं म्हणजे लेग फ्लॅग. पक्षी पकडून, मोजमापं घेऊन, पायात धातूचं वाळं आणि रंगीत फ्लॅग घालून सोडतात, आपल्याकडे हे काम प्रामुख्याने बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) करते. कुठल्या देशात किंवा भागात घातलाय ते रंगांच्या जोडीवरून कळतं, आणि फ्लॅगवर अक्षरं असतील तर नेमका तो एक पक्षी कळतो. त्यामुळे वहीतलं चित्र फेकू नका. मला एवढं सांगा: फ्लॅग डाव्या पायात होता की उजव्या (पक्ष्याचा डावा, तुमचा नाही), गुडघ्याच्या वर की खाली, एक रंग की दोन, दोन असतील तर वरचा कुठला. अक्षरं वाचता आली का? नसतील आली तरी हरकत नाही. तारीख, वेळ, जागा आणि जात लिहून बीएनएचएसला ईमेल करा, उत्तर यायला वेळ लागतो पण कुठे आणि कधी फ्लॅग घातला होता ते कळवतात.

आणि तो मोबाइलवरचा फोटो असेल तर जोडाच, धुरकट फोटोत रंग तरी कळतो.

कवडीपाटकर

भाचीच्या वहीप्रमाणे: उजवा पाय, वरच्या बाजूला, दोन रंग, वर पांढरा आणि त्याखाली दुसरा 'पिवळा किंवा नारिंगी, ऊन होतं' असं लिहिलंय. अक्षरं नाही दिसली. फोटो तिच्याच फोनमध्ये आहे, आज संध्याकाळी मागवून पाठवतो ईमेल. तिचं नाव निरीक्षक म्हणून पहिलं टाकायचं, अशी अट घातलीय तिने.

देवगडचो_झिल

घाला घाला, तिचाच हक्क. आणि मे महिन्यात तिला आमच्याकडे पाठवा, तेव्हा काकणाची पिल्लं घरट्याबाहेर उडायला लागलेली असतात.